बुद्ध विष्णूचा नववा अवतार? पुराणे स्वतः काय सांगतात ते वाचू या

बुद्धपौर्णिमा जवळ आली की दशावताराची चित्रे मोबाईलवर फिरू लागतात. मत्स्य, कूर्म, वराह असे करत नवव्या जागी ध्यानस्थ बुद्ध आणि शेवटी घोड्यावरचा कल्की. मग कॉलेजात किंवा ऑफिसात एखादा मित्र सहज विचारतो, "बुद्ध तर विष्णूचाच अवतार, मग तुम्ही वेगळे कशाला?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. आपण बुद्धांना मानच देतो आहोत, असे त्याला वाटते. अशा वेळी आपल्यातले काही तरुण चिडतात, काही गप्प बसतात. त्यापेक्षा हा दावा ज्या ग्रंथांवर उभा आहे ते ग्रंथ नेमके काय म्हणतात, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

पुराणांतली कथा

विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात मायामोहाची कथा येते. असुर वेदमार्गाने तप करून बलवान झाले आणि देव हरले. तेव्हा विष्णूने आपल्या देहातून मायामोह नावाचा पुरुष निर्माण केला. तो नर्मदेच्या तीरावर तप करणाऱ्या असुरांकडे गेला, आधी नग्न श्रमणाच्या रूपात आणि नंतर तांबडी वस्त्रे घालून. यज्ञातली हिंसा व्यर्थ आहे, असे सांगून त्याने त्यांना वेदांपासून दूर नेले. वेदांचे कवच गेल्यावर देवांनी असुरांना मारले. जैन आणि बौद्ध श्रमणांकडे रोख असलेली ही कथा आहे, हे वाचताच कळते.

भागवतपुराणाच्या पहिल्या स्कंधात बुद्धांचे नाव थेट येते. कलियुगाच्या आरंभी देवांच्या शत्रूंना मोहात पाडण्यासाठी कीकट देशात बुद्ध जन्म घेईल, असे तिथे म्हटले आहे. कीकट म्हणजे मगधाचा प्रदेश, असे साधारणपणे मानतात. पण सिद्धार्थ गौतमांचा जन्म लुंबिनीचा. सम्राट अशोकाने तिथे उभारलेला शिलास्तंभ आजही त्याची साक्ष देतो.

म्हणजे या कथांनुसार बुद्धांचा उपदेश सत्य नाही. शत्रूचा नाश व्हावा म्हणून पसरवलेला तो भ्रम आहे. मैत्री, करुणा आणि प्रज्ञा शिकवणाऱ्या तथागतांना यात कोणता मान मिळतो?

निंदेकडून स्तुतीकडे

पुढे सूर बदलला. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने दशावतारांवर काव्य लिहिले, त्यात बुद्ध आदराने येतात. बाराव्या शतकातल्या जयदेवाच्या गीतगोविंदात पशुहत्येचा निषेध करणारा करुणामय बुद्ध म्हणून त्यांची स्तुती आहे. एका ठिकाणी बुद्ध फसवायला आले आणि दुसऱ्या ठिकाणी दया करायला आले. या दोन कथांचा मेळ बसत नाही. शिवाय दशावतारांची यादीही एकच नाही. काही परंपरांत बुद्धांच्या ऐवजी बलराम येतो.

अमरकोश हा संस्कृत शिकणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेला कोश. त्यात बुद्धांची नावे वेगळी दिली आहेत आणि विष्णूची वेगळी. विष्णूच्या नावांत बुद्ध नाहीत.

महाराष्ट्रातला नववा अवतार

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. दशावताराच्या जुन्या मराठी चित्रांत काही वेळा नवव्या जागी विठ्ठल दिसतो. संतांच्या काही अभंगांतही विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटले आहे. पूजेच्या संकल्पात भटजी आजही "बौद्धावतारे" हा शब्द उच्चारतात. पंढरपूरचा पांडुरंग मुळात बुद्धच आहे, असे मत बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोड येथे मांडले होते. संशोधकांची याबाबत वेगवेगळी मते आहेत. पण संतांनी तो शब्द प्रेमाने वापरला, हे आपण विसरू नये. वारकरी शेजाऱ्याशी भांडण करण्याचा हा विषय नाही.

अवतार आणि बुद्ध यांतला फरक

अवतार म्हणजे खाली उतरणे. देव वरून येतो, काम करतो आणि परत जातो. बुद्धत्वाची वाट याच्या उलट आहे. माणूस स्वतःच्या प्रयत्नाने चित्त शुद्ध करत तिथवर पोहोचतो.

अंगुत्तर निकायातल्या द्रोण सुत्तात हे स्पष्ट होते. द्रोण नावाचा ब्राह्मण तथागतांना विचारतो : आपण देव आहात का? गंधर्व? यक्ष? मनुष्य? प्रत्येक प्रश्नाला ते नकार देतात. ज्या आस्रवांमुळे देव किंवा मनुष्य म्हणून जन्म होतो, ते आपण मुळासकट तोडले आहेत आणि म्हणून आपण बुद्ध आहोत, असे ते सांगतात. खुद्द तथागतांनी दिलेली ही ओळख असताना दुसऱ्या ओळखीची गरज नाही.

एक प्रश्न आपल्यालाही

कोणी म्हणेल, तुमच्या दशरथ जातकात राम हा बोधिसत्त्वाचा पूर्वजन्म आहे, त्याचे काय? प्रश्न योग्य आहे आणि तो टाळू नये. जुन्या काळी सगळ्याच परंपरांनी एकमेकांची पात्रे आपल्या कथांत घेतली. पण जातकात राम बोधिसत्त्व आहे म्हणून रामभक्तांनी बौद्ध व्हावे, असे आपण म्हणत नाही. तसेच पुराणात बुद्ध अवतार आहेत म्हणून बौद्धांनी हिंदू म्हणवून घ्यावे, असेही कोणी म्हणू नये. माप दोघांना एकच हवे.

पाचवी प्रतिज्ञा

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत चौथी प्रतिज्ञा अवतार ही कल्पनाच नाकारते आणि पाचवी बुद्ध विष्णूचा अवतार असल्याचे नाकारते. अवतार मान्य केला की धम्म वेगळा राहत नाही, तो एखाद्या पंथासारखा पोटात घेतला जातो, हा धोका बाबासाहेबांनी ओळखला होता. या प्रतिज्ञेत कोणाचा द्वेष नाही. आपण कोण आहोत, एवढेच ती सांगते.

म्हणून पुढच्या वेळी तो प्रश्न आला की शांतपणे विचारा : "भागवतात बुद्ध कशासाठी जन्मले असे लिहिले आहे, ते तू वाचले आहेस का?" आणि जमल्यास ते पान त्याच्यासोबत बसून वाचा. विहारातल्या रविवारच्या वर्गातही हा विषय एकदा जरूर घ्या. मुलांना प्रतिज्ञा पाठ असतात, त्यांच्यामागची कारणेही त्यांना कळली पाहिजेत.

नमो बुद्धाय! जय भीम!