वंक्षूकाठचे केशर

कोपरीच्या सिंधी कॉलनीतल्या किराणा दुकानांत कोजागरीच्या सुमारास केशराच्या एक ग्रॅमच्या डब्या काउंटरवर येतात. मसाला दूध, बासुंदी, श्रीखंड, केशरी भात हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. मला कित्येक वर्षे छळतो आहे तो वेगळाच प्रश्न: हे केशर काश्मिरात तरी आले कुठून?

काश्मिरातल्या पांपोरमध्ये सांगतात की, बाराव्या शतकात ख्वाजा मसूद वली आणि शेख शरीफुद्दीन हे दोन सूफी तिथे आजारी पडले आणि ज्याने त्यांना बरे केले त्याला त्यांनी केशराचा कंद दिला. कथा गोड आहे, पण टिकत नाही. कल्हणाने ११४८ च्या सुमारास राजतरंगिणी लिहायला घेतली, तेव्हाच तो विद्या, उंच घरे, बर्फाचे पाणी आणि द्राक्षे यांच्या पंगतीत केशराला बसवतो. स्वर्गातही दुर्मिळ अशा या वस्तू काश्मिरात सर्रास मिळतात, असे म्हणतो. या ग्रंथाचे १९३५ चे इंग्रजी भाषांतर रणजित सीताराम पंडितांचे, म्हणजे कोकणातल्या बांबुळीच्या पंडित घराण्याचे. आणि केशराचा खरा वाद ज्या काव्यात दडलेला आहे, ते कालिदासाचे रघुवंश मल्लिनाथाच्या टीकेसह मुंबई संस्कृत मालेत संपादित केले, तेही याच घराण्यातल्या शंकर पांडुरंग पंडितांनी.

वाद असा. चौथ्या सर्गात रघू दिग्विजयासाठी उत्तरेला जातो. त्याचे घोडे नदीकाठी लोळून शीण घालवतात आणि खांदे झटकतात. त्या खांद्यांना केशराचे तंतू चिकटलेले असतात. नदी कोणती? मल्लिनाथ ‘सिंधू’ वाचतो आणि ती काश्मीरची म्हणतो. दुसरा टीकाकार वल्लभदेव ‘वंक्षू’ वाचतो, म्हणजे आजची अमू दर्या. वल्लभदेव स्वतः काश्मिरी. आपल्या मुलखाचा मान दूरच्या नदीला देणारा हा साक्षीदार मला फार मोलाचा वाटतो.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले काशिनाथ बापूजी पाठक यांनी १९१२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त वंक्षूची बाजू लावून धरली. त्यांना हवा होता कालिदासाचा काळ: पुढच्याच श्लोकात हूण येतात, आणि हूण वंक्षूकाठी कधी होते यावरून तो ठरवता येतो. पण त्यांच्या हाती लागलेला पुरावा केशराचा. अमरकोशात केशराला ‘काश्मीरजन्म’ आणि ‘बाह्लीक’ अशी दोन्ही नावे आहेत. अमरकोशाचा टीकाकार क्षीरस्वामी दुसऱ्या नावाचा उलगडा वंक्षूजवळच्या बाल्ख प्रदेशाने करतो आणि दाखला देतो तो रघूच्या याच घोड्यांचा!

पाठकांचे बरोबर होते, असे माझे मत आहे. वनस्पतिशास्त्र त्यांच्या बाजूला झुकते. केशराच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे त्याला बी धरत नाही. कंद खणून माणसाने दुसरीकडे लावला तरच ते पुढे जाते. २०१९ मध्ये जनुकीय अभ्यासांनी त्याचे मूळ ग्रीसमधल्या अथेन्सच्या परिसरातल्या रानटी जातीत शोधले. तिथून काश्मीरपर्यंत ते हातोहात आले, आणि इराण-बाल्खची वाट त्यासाठी सरळ आहे. समुद्रमार्गाने? पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापारावरच्या ग्रीक ग्रंथात आपले कल्याण बंदर आहे, त्याची झालेली कोंडीही आहे. केशर मात्र येमेनच्या मूझा बंदरात उतरणाऱ्या मालात नोंदलेले आहे. भडोचच्या यादीत ते नाही.

आज जगातले सुमारे नऊ दशांश केशर इराणचे. काश्मीरच्या केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. किलोभर केशराला दीड लाखाच्या आसपास फुले लागतात. भेसळ होते ती यामुळेच. आणि ती बहुधा आपल्याच करडईच्या पाकळ्यांची. खरा तंतू टोकाकडे तुतारीसारखा रुंदावतो आणि कोमट दुधात हळूहळू पिवळा रंग सोडूनही स्वतः लाल राहतो. करडईची पाकळी बारीक नळीसारखी, टोकाला पाच फाटे असलेली.

करडईचा यात काही दोष नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तिचे बिनकाट्याचे वाण काढले, पाकळ्यांचा चहा लोकांपुढे आणला. ती तिच्या नावाने विकली जावी. या दिवाळीत केशर घ्याल तेव्हा पूड घेऊ नका, अख्खे तंतू घ्या आणि डबी उघडून त्यांची टोके नीट पाहा.