आमचं उपनगर उधन्याला आहे

उपनगर म्हटलं की पुणे-मुंबईच्या वाचकाला बदलापूर, विरार नाहीतर वाकड-हिंजवडी आठवतं. नंदुरबारच्या माणसाला उधना आठवतं. मग लिंबायत, नवागाम, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा. ही सगळी सुरतेची उपनगरं, राज्य गुजरात, आणि आमच्यापासून रेल्वेने दीडशे किलोमीटरच्या वर. तरीही आमच्या जिल्ह्याचं खरं उपनगर तेच, असं माझं मत आहे. मुंबई चारशेच्या पुढे. दवाखाना, लग्नाचा बस्ता, दहावी झालेल्या पोराचं पहिलं काम, सगळ्याला सुरत. 2011च्या जनगणनेत नंदुरबार शहर एक लाख अकरा हजारांचं होतं आणि सुरत जवळपास पंचेचाळीस लाखांची. म्हणजे एका सुरतेत चाळीस नंदुरबार.

हे नातं रुळांनी जुळवलं. सुरतेहून अमळनेरपर्यंतची ताप्ती व्हॅली रेल्वे 1900च्या सुमारास पुरी झाली, ती खानदेशातला कापूस बंदराकडे न्यायला. माणसं मागाहून गेली. तेव्हा सुरत जिल्हा आणि आमचा खानदेश एकाच मुंबई इलाख्यात होते. 1 मे 1960ला मधून रेघ गेली, तळोदा-नंदुरबार-नवापूरकडची बरीच गावं त्या बाजूला पडली. रेघ कशी पडली ते पाहायचं तर नवापूर स्टेशनावर उतरावं. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत, आणि फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध रंगाने ओढलेली सीमा. बाहेरगावचे लोक त्या बाकावर दोन राज्यांत बसून फोटो काढतात. आमचे लोक त्यावर पिशवी ठेवून जागा धरतात.

नंदुरबारहून भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये चढलं की खांडबारा, चिंचपाडा, नवापूर, मग सोनगड, व्यारा, बारडोली, चलथाण असं करत उधना येतं. डब्यात शेजारचा विचारतो, "कथा चालना भो?" उत्तर बहुधा एकच, "सुरतले." वरच्या फळीवर मिरचीचं पोतं हमखास. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळलेली लाल मिरची अर्ध्या डिंडोलीच्या डब्यांत असते. पोतं बांधताना कितीही काळजी घ्या, सोनगडपर्यंत पहिली शिंक येतेच.

याच गाडीने एक वेगळी गर्दीही जाते, तिची गल्लत उपनगराशी करू नये. अक्कलकुवा, धडगाव, नवापूरकडची आदिवासी जोडपी ऊसतोडीला दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', मुकादमाची उचल आधीच घेतलेली. ती बारडोली-चलथाणला उतरतात, उसाच्या कडेला पडावात राहतात आणि हंगाम संपला की परततात. त्यांचा पत्ता कधी होत नाही.

पत्ता होतो तो लिंबायत-डिंडोलीत गेलेल्यांचा, आणि त्यालाही वर्षं लागतात. माझा मामा ऐंशीच्या दशकात गेला. पांडेसऱ्याच्या वसाहतीत डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये बारा तासांची पाळी, एका खोलीत सहाजण. रातपाळीवाले आले की दिवसपाळीवाल्यांनी अंथरूण रिकामं करायचं. लूम चालते त्या जागेला तिकडे 'खातं' म्हणतात. खात्यात ओडिया माणूस जास्त, आपला खानदेशी मिल, रिक्षा, भाजीची लारी आणि गवंडीकामात. पुढे मामाने बारा बाय चाळीसचा प्लॉट घेतला. शेत तुकड्याने विकलं जात होतं, विकणाऱ्याने स्टँपपेपरवर सही दिली, पक्का दस्तावेज नाहीच. म्हणून मामाच्या घरात देवाच्या फोटोमागे काय ठेवलंय, तर वेराबिलं. वेरा म्हणजे घरपट्टी. पालिका आपल्याकडून कर घेते, म्हणजे आपण आहोत. आपल्याकडे घरपट्टी आली की लोक कुरकुरतात. मामीने पहिल्या वेराबिलाला हळदकुंकू लावलं होतं.

2006 साली सुरत महापालिकेची हद्द एकदम जवळपास तिप्पट झाली, डिंडोलीसारखी गावं शहरात आली. मग नळ, गटार, रस्ता, बसही आली, त्याच क्रमाने नव्हे. घराची उंची मात्र लोकांनी आपली आपण वाढवली. रस्ता वर येतो, घर खाली जातं, पाऊस पडला की मिठी खाडी लिंबायत-डिंडोलीत शिरते. 'खाडीपूर' हा तिथला नेहमीचा शब्द आहे. शिवाय तापी आहेच. ऑगस्ट 2006मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला. ते पाणी आधी आमच्या सारंगखेडा-प्रकाशावरूनच जातं आणि उकाईचा फुगवटा आमच्या जिल्ह्यापर्यंत येतो. म्हणून वर हातनूर धरणाचे दरवाजे उघडले का, हे डिंडोलीतला माणूस गावच्या मंडळींना फोन करून विचारतो. दोन्ही टोकांना माणसं असली की नदीचा अंदाज असा काढता येतो.

1994चा सप्टेंबर आमच्या घरात अजून सांगितला जातो. सुरतेत प्लेग पसरल्याचं कळलं आणि चार दिवसांत लाखो लोक शहर सोडून निघाले. मामाचं कुटुंब पहाटे आमच्या दारात उभं. आईने पाणी तापवलं, शेजारणींनी दारं लावून घेतली. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि कचऱ्याने बदनाम झालेली सुरत स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. मामा परत गेलाच होता. पगाराचा दिवस जवळ आला होता, हे त्याचं कारण.

मामी ओट्यावर साड्यांचं धागा कटिंग करते. रिंग रोडच्या मार्केटमधून गठ्ठा येतो. साडी मांडीवर पसरायची, एम्ब्रॉयडरीच्या उलट्या बाजूचे लोंबते धागे छोट्या कात्रीने कापायचे, घडी घालायची. पैसे नगावर. गल्लीत दहा ओटे, दहा बाया, आणि बोलणं अहिराणीत. त्या अहिराणीत 'लारी', 'वेरा', 'गाळा', 'चार रस्ता' कधी शिरले ते कुणाला आठवत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा वाटतं आपण शिरपूर-शहाद्यात आहोत. रात्रभर गाणी, सोमवारी विसर्जन.

राजकारणातही हे उपनगर दिसतं. नवसारीचे खासदार सी. आर. पाटील जन्माने जळगाव जिल्ह्यातले, लिंबायतच्या आमदार संगीता पाटील. उलट दिशेनेही मतदान चालतं. गावी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की उमेदवार सुरतेला गाड्या पाठवतो, कारण चार-पाच मतांनी हरजीत होते आणि ती चार-पाच मतं डिंडोलीत राहतात.

अडचण येते ती कागदाची. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते, पोरं तिथे शिकतात. पण आरक्षणाचा दाखला राज्याला बांधलेला. बाप-आजा महाराष्ट्रातले, जन्म सुरतेचा, मग जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेचा उतारा शोधत पोरगा नंदुरबारच्या तहसीलमध्ये फिरतो. मामाच्या नातवाला तिथे एकाने विचारलं, "तू नेमका कुठला?" पोरगा गुजरातीत विचार करून, हिंदीत सुरुवात करून, अहिराणीत थांबला.

दिवाळीला मार्केट बंद होतं ते लाभपंचमीपर्यंत. त्या आठवड्यात गाडीचा डबा उलट्या दिशेने भरतो. मामाचं घर बंद, गल्लीतली बरीच घरं बंद. गावी आल्यावर मामा पहिल्या दिवशी शेताच्या बांधावर जातो, दुसऱ्या दिवशी सुरतेची हवा चांगली म्हणतो. चौथ्या दिवशी मामी मिरच्या निवडायला बसते. पाचव्या दिवशी पोतं शिवून होतं. यंदा त्याच्यावर मोठ्या अक्षरात पत्ता लिहिला, उधना स्टेशनावर दुसऱ्याचं उचललं जाऊ नये म्हणून. नाव मराठीत, गल्ली गुजरातीत.