पेसमेकरची सावली आणि सीटीचे चित्र

मोपा विमानतळावरच्या सुरक्षा तपासणीत पेसमेकर बसवलेला प्रवासी आपले कार्ड आठवणीने पुढे करतो. सीटी स्कॅनच्या खोलीत हेच कार्ड अधिक मोलाचे आहे, हे मात्र पेडणे-डिचोलीतल्या किती घरांना ठाऊक असेल? सीटी यंत्र शरीराभोवती फिरत शेकडो कोनांतून क्ष-किरण सोडते, पलीकडे किती पोचले ते मोजते आणि त्या मोजणीवरून गणिताने आडवा छेद उभा करते. गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या नावाच्या मापात पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे १०००. धातू या मापात कित्येक हजारांवर जातो. पेसमेकरची डबी टायटॅनियमची आणि हृदयात जाणाऱ्या तारेचे टोक बहुधा प्लॅटिनम-इरिडियमचे असते. झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरच्या तारेवरचे वेटोळे त्याहून जाड. चाळणीत भरड तेवढे वर राहावे, तसे मवाळ किरण धातूत अडकतात आणि कडकच तेवढे पार होतात. काही रेषांवर तर जवळजवळ काहीच पोचत नाही. गणित चुकते आणि चित्रावर काळे-पांढरे पट्टे उमटतात. त्यात तारेचे टोक प्रत्येक ठोक्याबरोबर हलते. तारेने हृदयाची भिंत भेदली आहे का, तारेभोवती संसर्ग साचला आहे का, हे जिथे पाहायचे, नेमके तिथेच हे पट्टे पडतात.

हे पट्टे कमी करणाऱ्या संगणकीय पद्धती आज उपलब्ध आहेत. १९८७ मध्ये विली कालेंडर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली युक्ती समजायला सोपी आहे: धातूतून गेलेली मोजमापे बाजूला काढायची आणि शेजारच्या मोजमापांवरून ती जागा भरायची. पुढच्या पद्धती याहून कितीतरी सफाईदार झाल्या. पण भरलेला आकडा हा अंदाजच असतो. धातूला खेटून असलेली खरी बारीक खूण त्यात पुसली जाऊ शकते, नसलेली उमटू शकते. टोक हलत असेल तर अधिकच. म्हणून माझे म्हणणे असे, की सुधारलेले चित्र मूळ चित्राच्या शेजारी ठेवूनच वाचले पाहिजे. एकट्या देखण्या चित्रावर निदान उभे करणे धोक्याचे आहे.

यावर कुणी म्हणेल, नवी यंत्रे आली की हा प्रश्नच उरणार नाही. एकेक फोटॉन मोजणाऱ्या सीटीला अमेरिकेत सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली आणि तिची चित्रे खरोखर सरस असतात. तरीही धातूने पूर्ण अडवलेला किरण कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. दुसरा आक्षेप असा, की मग एमआरआय का करू नये? जुन्या अनेक उपकरणांसाठी आणि शरीरात सोडून दिलेल्या तारांसाठी तो सरसकट करता येत नाही. इकोकार्डिओग्राफी मात्र आधी करावीच. पण तारेचे टोक भिंतीबाहेर किती गेले हे तिच्यात नेहमी स्पष्ट दिसत नाही.

तेव्हा खरी मदत तपासणीआधीच्या साध्या गोष्टींची. उपकरण कोणते, तारा किती, हे कार्डावरून कळले तर तंत्रज्ञ ईसीजीच्या तालावर स्कॅन लावतात, गरजेनुसार किरणांची ऊर्जा वाढवतात, पातळ छेद घेतात. मुख्य म्हणजे पट्टे कमी केलेला दुसरा संच त्याच वेळी काढता येतो. पुढे ते अवघड होते, कारण यंत्रातली कच्ची मोजमापे अनेक ठिकाणी काही दिवसांतच पुसली जातात. तुये किंवा साखळीहून म्हापसा, तिथून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत फक्त फिल्म असेल, तर पुढच्या डॉक्टरांच्या हाती निवडक चित्रेच पडतात. घरात पेसमेकरवाले कुणी असेल तर कार्डाची एक प्रत तपासणीच्या कागदांना आजच जोडा, आणि स्कॅन झाल्यावर दोन्ही संच असलेली सीडी मागून घ्या.