एमडी कशातले, आणि रात्री कुठे?

दौंड तालुक्यातल्या खुटबावात कोणाचा ताप आठवडाभर उतरला नाही, शुगर चारशेवर गेली किंवा घरातल्या म्हातारीचे पाय सुजून तिला धाप लागायला लागली, की शेजारपाजारचे एकच सांगतात : "आता एमडीला दाखवा." सल्ला योग्यच आहे. घोळ होतो तो पुढे. रेल्वेने एका अंगाला यवत, उरुळी, लोणी, हडपसर, पुणे. दुसऱ्या अंगाला केडगाव, पाटस, दौंड. वाटेत पाट्यांना तोटा नाही. प्रत्येक पाटीवर नावापुढे अक्षरांची माळ आणि खाली पुण्यातल्या एखाद्या बड्या हॉस्पिटलचे नाव. माणूस नेमका त्या हॉस्पिटलच्या नावावर विसंबतो, आणि तेच नाव पाटीवरची सगळ्यात कमी तपासलेली गोष्ट असते.

आधी अक्षरे बघू. एमडी म्हणजे एमडी, त्यात काय बघायचे, असे लोक म्हणतात. पण एमबीबीएसनंतर तीन वर्षांचा एमडी अनेक विषयांत होतो. लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट तपासणारे एमडी असतात, ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे एमडी असतात, त्वचारोगाचे असतात. आपल्याला जो हवा तो एमडी जनरल मेडिसिनचा, म्हणजे लोक ज्याला फिजिशियन म्हणतात तो. डीएनबी मेडिसिन ही पदवी त्याच तोडीची आहे, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. आयुर्वेदातही एमडी आहे, कायचिकित्सेचा, होमिओपॅथीतही आहे. त्या त्या शास्त्रातल्या त्या खऱ्या पदव्या आहेत, पण पाटीवर नुसते 'एमडी' लिहून विषय गाळला तर पेशंटला कळणार कसे? आणखी एक गंमत म्हणजे रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान अशा देशांत वैद्यकाच्या पहिल्याच पदवीला एमडी म्हणतात. तिकडून आलेला डॉक्टर इथली परीक्षा देऊन नोंदणी करतो, तेव्हा त्याची ती पदवी आपल्या एमबीबीएसच्या जागी धरली जाते, तीन वर्षांच्या स्पेशालिटीच्या जागी नाही.

मधुमेहावरचे सर्टिफिकेट कोर्स आणि फेलोशिप उपयोगी असतात. एमबीबीएस डॉक्टरने असा कोर्स करून शुगरचे पेशंट नीट सांभाळले तर चांगलेच. पण त्यामुळे तो एमडी होत नाही. आयएमएचे किंवा फिजिशियनांच्या असोसिएशनचे सभासदत्व ही तर पदवीही नव्हे. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे केंद्रीय नियम याबाबत स्पष्ट आहेत : नावापुढे मान्यताप्राप्त पात्रताच लिहायच्या, त्या शाखेची खास पात्रता नसेल तर स्वतःला त्या शाखेचा स्पेशालिस्ट म्हणवून घ्यायचे नाही, आणि नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, सर्टिफिकेटवर, पावतीवर दिसला पाहिजे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. त्यामुळे जुनेच लागू आहेत.

तो क्रमांक हीच खरी किल्ली. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, आयुर्वेद आणि युनानीच्या डॉक्टरांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीची तिसऱ्या कौन्सिलकडे. मेडिकल कौन्सिलचे अलीकडचे क्रमांक वर्ष, महिना आणि आकडा असे तीन तुकड्यांत असतात. आयुर्वेदाचा क्रमांक सहसा इंग्रजी 'आय' अक्षराने सुरू होतो. औषधाच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात हे बारीक अक्षरात छापलेले असते आणि आपण ती चिठ्ठी मेडिकलवाल्याला देऊन मोकळे होतो.

कोणत्या रजिस्टरात नाव आहे याने एवढे काय बिघडते, असे वाटत असेल तर मुंबईतला एक खटला सांगतो. १९९२ सालच्या पावसाळ्यात एका तरुण माणसाला ताप आला. होमिओपॅथीची पात्रता असलेल्या डॉक्टरने आधी व्हायरल तापाचा, मग टायफॉइडचा उपचार ॲलोपॅथीच्या औषधांनी केला. प्रकृती ढासळत गेली, पेशंट मोठ्या हॉस्पिटलात पोचला तोवर बेशुद्ध होता, आणि दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्या शास्त्राचे शिक्षण नाही त्या शास्त्राची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, आणि त्याच्या पत्नीला ३ लाख रुपये भरपाई देवविली. त्यानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून, आधुनिक औषधांचा एक वर्षाचा कोर्स केलेल्या होमिओपॅथना काही मुभा दिली. त्यावरचा वाद अजून धुमसतो आहे. गावात रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो, हे मी विसरत नाही. त्याच्या जिवावर खेडी तगली आहेत. पण किडनी, हृदय आणि शुगर एकत्र बिघडलेल्या माणसाच्या औषधांचा मेळ बसवणे हे वेगळे काम आहे, आणि गावचा चांगला डॉक्टर ते स्वतःच सांगून पुढे पाठवतो.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर डॉक्टरचे नाव शोधता येते. २०२५ पासून कौन्सिलने डॉक्टरांसाठी क्यूआर कोडचीही सोय आणली आहे. दवाखान्यात तो लावलेला असेल तर मोबाइलने नोंदणी उघडते. इथे दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. नाव सापडले नाही म्हणजे बोगस, असे लगेच ठरवू नये. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरबाईंची नोंद माहेरच्या नावाने असू शकते, स्पेलिंग वेगळे असू शकते; नावाऐवजी क्रमांक टाकून बघावे. उलट नाव सापडले म्हणजे सगळे बरोबर, असेही नाही. नोंदीत एमबीबीएसपुढे एमडी दिसते का, ते कोणत्या विषयात, आणि दर पाच वर्षांनी करायचे नूतनीकरण झाले आहे का, हे बघायचे. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हे रजिस्टर डॉक्टर आज कोणत्या हॉस्पिटलात बसतो ते सांगत नाही. कुठल्याच कौन्सिलकडे नोंद नसताना प्रॅक्टिस करणे हा मात्र महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ खाली गुन्हा आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते.

आता मुख्य गोष्ट. "हे पुण्याच्या अमक्या हॉस्पिटलशी अटॅच्ड आहेत, म्हणजे उद्या काही झाले तर तिथे हेच बघतील." पेशंटचे घर याच भरवशावर निर्णय घेते. 'अटॅच्ड' या एका शब्दाखाली निदान पाच वेगवेगळी नाती दडलेली असतात. कोणी तिथे पगारी, पूर्णवेळ असतो. कोणी कन्सल्टंट, म्हणजे आपल्या नावावर पेशंट ॲडमिट करून रोज राउंड घेणारा. कोणी आठवड्यातून एक-दोन वार ओपीडीला बसणारा. कोणी मानद, ज्याला बोलावले तर येतो. आणि कोणी पूर्वी तिथे शिकलेला. 'माजी रजिस्ट्रार, ससून' यात खोटे काहीच नाही; ससूनसारख्या पुण्यातल्या सरकारी हॉस्पिटलात रेसिडेंट म्हणून रात्री जागलेल्या डॉक्टरचा हात तयार झालेला असतो, हे मीही मानतो. पण ते त्याचे शिक्षण झाले, आजची व्यवस्था नव्हे. ससूनच्या वॉर्डात आज तो तुमचा पेशंट बघू शकत नाही.

हेच उलट्या दिशेनेही होते. दर मंगळवारी पुण्याहून मोठे डॉक्टर येतात, अशी पाटी तालुक्याच्या हॉस्पिटलवर लागते. मंगळवारी डॉक्टर खरेच येतात, तपासणीही नीट करतात, गोळ्या बदलून देतात. नव्या गोळीने बुधवारी रात्री चक्कर आली तर फोन कोणाला करायचा? ॲडमिट पेशंटला गुरुवारी कोण बघणार? हॉस्पिटलात चोवीस तास हजर असतो तो आरएमओ, आणि त्याची पदवी कोणती हे आपण कधी विचारत नाही. व्हिजिटिंग डॉक्टर वाईट, असे मुळीच म्हणायचे नाही. आपल्या भागात त्यांच्यामुळेच पुण्याची खेप वाचते. फक्त वार आणि जबाबदारी या दोन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या लागतात.

हे नाते संस्थेने नीट बांधले तर काय होते याचे उदाहरण शेजारच्या शिरूर तालुक्यात आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावात आरोग्य कार्यकर्त्या, परिसरासाठी रुग्णालय, आणि मागे पुण्यातले मोठे हॉस्पिटल. तिथे केईएमचे नाव पाटीपुरते नव्हते. माणसे, नोंदी आणि पेशंट पुढे पाठवायची वाट, सगळे एका साखळीत होते. कोयाजींना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

डॉक्टरच्या नात्याची खातरजमा डॉक्टरकडे नव्हे, हॉस्पिटलकडे करायची. लँडलाइनवर, रिसेप्शनला. या नावाच्या डॉक्टरांची ओपीडी कोणत्या वारी? पेशंट त्यांच्या नावावर ॲडमिट होतो का, की दुसऱ्याच्या? रात्री त्यांच्याऐवजी कोण? तीन प्रश्नांत पाटीचा निकाल लागतो. हे विचारले तर डॉक्टरला अपमान वाटेल, अशी आपल्याकडे भीती असते. ज्याचे नाते खरे आहे तो वार आणि वेळ स्वतःच सांगतो.

हॉस्पिटलचीही एक नोंदणी असते, आणि तिची गल्लत डॉक्टरच्या नोंदणीशी होते. खाटा असलेल्या प्रत्येक खासगी रुग्णालयाला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली दाखला लागतो. महापालिकेच्या हद्दीत तो महापालिका देते, बाहेर जिल्ह्याची आरोग्य यंत्रणा. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. नुसत्या ओपीडीच्या दवाखान्याला हा दाखला लागत नाही, तेव्हा तो भिंतीवर नाही म्हणून संशय घेऊ नये. एनएबीएच या दर्जा-मान्यतेचे बोधचिन्ह हॉस्पिटलच्या व्यवस्थेला मिळते, डॉक्टरच्या हाताला नाही.

पैशाच्या बाजूला तर पॅनेलचा गोंधळ मोठाच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता ५ लाखांपर्यंत आहे आणि रेशनकार्ड असलेल्या सगळ्यांना खुली आहे, म्हणून लोक समजतात की योजनेतल्या हॉस्पिटलचा डॉक्टर कुठेही बघेल ते फुकट. तसे नाही. योजना हॉस्पिटलशी जोडलेली असते, डॉक्टरशी नाही, त्यातही स्पेशालिटीनुसार. हाडांच्या ऑपरेशनला घेतलेले हॉस्पिटल मेडिसिनच्या पेशंटसाठी यादीत असेलच असे नाही. शिवाय यादीतल्या उपचारासाठी ॲडमिट व्हावे लागते. त्याच डॉक्टरच्या स्वतःच्या क्लिनिकमधली तपासणीची फी आपलीच. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर निघण्याआधी विचारले तर गाडीभाडे वाचते. दौंडला रेल्वे आणि राज्य राखीव पोलीस दलाची माणसे, कुरकुंभला कारखान्यांतले ईएसआयचे कामगार. प्रत्येकाची हॉस्पिटलांची यादी वेगळी. शेजाऱ्याला कॅशलेस झाले म्हणून आपल्यालाही होईल, हे धरून चालू नये.

सरकारी रुग्णालयात फक्त गोळ्या मिळतात, हाही एक समज. यवतचे ग्रामीण रुग्णालय आणि दौंडचे उपजिल्हा रुग्णालय आधी चौकशी करून बघण्यासारखी ठिकाणे आहेत. मेडिसिनचा डॉक्टर त्या दिवशी आहे का, एवढे विचारून निघावे. मात्र व्यवसायरोध भत्ता घेणाऱ्या सरकारी डॉक्टरला खासगी प्रॅक्टिसची मनाई असते. त्याने संध्याकाळच्या दवाखान्याचे कार्ड हातात दिले तर ते खटकले पाहिजे.

मोठा डॉक्टर पुण्यातच, हा समज मोडायला महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर पुरेसे आहेत. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून मेडिसिनचे एमडी करून ते कोकणात परतले. विंचूदंशाने माणसे का मरतात याचा अभ्यास त्यांनी तालुक्याच्या गावी राहून केला, तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. प्राझोसिन या साध्या गोळीने मृत्यू किती रोखता येतात ते जगाला दाखवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्याच बावस्करांमुळे एक झाकलेली गोष्ट उघड झाली. २०१३ मध्ये पेशंट तपासणीला पाठवल्याबद्दल मुंबईच्या एका तपासणी केंद्राकडून त्यांना १२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी तो ठेवून न घेता मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. कमिशनला २००२ च्या नियमांत बंदीच आहे. राज्याने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार केला, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे डॉक्टर ज्या हॉस्पिटलचे नाव सुचवतो त्यामागे कधी खरे नाते असते, कधी पाकीट. तरी प्रत्येक चिठ्ठीत कट शोधणेही चुकीचे. "याच ठिकाणी का?" असे विचारावे. तिथे चोवीस तास आयसीयू आहे, तिथला डॉक्टर माझ्याशी फोनवर बोलतो, असे उत्तर आले तर ते पटण्यासारखे आहे.

ही सगळी शोधाशोध सवडीच्या दिवसासाठी आहे. छातीत कळ, एका बाजूला लुळेपणा, दम कोंडणे किंवा उसात साप चावणे, यात एमडीची पाटी शोधत बसायचे नाही, १०८ ला फोन करायचा.

आणि डॉक्टर बदलताना फाईल मागे ठेवू नये. ॲडमिट पेशंटचे कागद डॉक्टरने तीन वर्षे जपायचे असतात, आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. हेही त्याच २००२ च्या नियमांत आहे. अर्ज लेखी द्यावा, वर तारीख घालावी आणि पोच घ्यावी. डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, जुने क्रिएटिनिन हाताशी असेल तर पुण्याचा असो की दौंडचा, नवा फिजिशियन पहिल्या दहा मिनिटांत कामाला लागतो.