रांगेतला एक

नाटक पाहून घरी परतणारा प्रेक्षक नायकाबद्दल बोलतो, नायिकेच्या गळ्याबद्दल बोलतो, फार तर नेपथ्याबद्दल बोलतो. मागच्या रांगेत उभं राहून दोन तास गाणाऱ्या, नाचणाऱ्या, कधी बाजार तर कधी मोर्चा होणाऱ्या माणसांबद्दल तो सहसा बोलत नाही. नाटकवाले त्यांना नुसतं ‘समूह’ म्हणतात. पन्नाशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा तोंडाला रंग लावला, तो या समूहात. गावातल्या हौशी मंडळींनी गाण्यांचं एक लोकनाट्य बसवायला घेतलं होतं आणि पुरुष कमी पडत होते. कवी आहे म्हणजे तालाला पक्का असणार, असा त्यांचा समज. तीन महिन्यांच्या तालमीत समूहाचं काम नेमकं काय असतं ते उमगलं. तेच आज सांगतो.

मुळात ही गोष्ट आपल्याला नवी नाही. कीर्तनात बुवांच्या मागं टाळकरी उभे असतात. ते ध्रुपद धरतात, म्हणून बुवांना दम घेता येतो. पोवाड्यात झीलकरी असतात. शाहिरानं ओळ सोडली की ती उचलून वर न्यायची, हे त्यांचं काम. बार्शीचे शाहीर अमर शेख, म्हणजे मेहबूब हुसेन पटेल, यांचा पहाडी आवाज सगळ्यांना ठाऊक आहे. पण तेही अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकरांबरोबर ‘लाल बावटा कलापथका’तच उभे राहिले. १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’नं तर समूहालाच नाटकाचा कणा केलं. लेखन विजय तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. त्यात ब्राह्मणांची रांग पाठ करून उभी राहिली की पडदा, वळली की पुणं. माणसांची भिंत करून एक अख्खं शहर उभं करता येतं, हे त्या नाटकानं दाखवलं.

आता प्रत्यक्ष काम. पहिला धडा श्वासाचा. आम्ही सोळा जण होतो. लांब ओळ एका दमात कुणालाच पेलत नाही, पण प्रेक्षकाला ती अखंड ऐकू गेली पाहिजे. त्यासाठी नियम असा, की शेजारी जिथं श्वास घेतो तिथं आपण घ्यायचा नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली. वहीत ओळीवर पेन्सिलीची खूण करून ठेवायची. उलट शब्दाचा शेवट मात्र सगळ्यांनी एकदम करायचा. ‘रात’ म्हणताना शेवटचा ‘त’ सोळा वेळा सोळा ठिकाणी पडला, तर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं वाटतं.

दुसरा धडा ऐकण्याचा. पुरुषांना साधारण काळी एक सोयीची, बायकांना काळी चार किंवा पाच. नाटकात सगळ्यांना एकाच पट्टीत गायचं असतं. मग कुणाला खर्जात उतरावं लागतं, कुणाचा तारसप्तकात कस लागतो. अशा वेळी आपला आवाज इतकाच ठेवायचा, की दोन्ही बाजूंचे आवाज आपल्याला ऐकू यावेत. स्वतःचाच आवाज ऐकू येऊ लागला, म्हणजे आपण समूहातून बाहेर पडलो.

तिसरा धडा अंगाचा. रांगेत मान वळवून पाहता येत नाही. पावलांचा आवाज, कपड्यांची सळसळ, शेजाऱ्याच्या खांद्याची हालचाल यांवरून अंतर राखायचं. आमचे दिग्दर्शक म्हणत, पाठीनं पाहायला शिका. बाजाराच्या प्रसंगात प्रत्येकानं आपण कोण ते मनाशी ठरवायचं, असाही त्यांचा आग्रह. मी पखालवाला झालो. संहितेत पखालवाला नव्हता आणि प्रेक्षकांना तो कळलाही नसेल. पण खांद्यावर ओझं आहे असं धरून चाललो की चाल आपोआप बदलते. सोळा जणांच्या सोळा चाली झाल्या की मगच बाजार होतो. नाही तर ती नुसती गर्दी.

तिसऱ्या प्रयोगाच्या दोन दिवस आधी आमच्या रांगेतल्या एकाचे वडील गेले. यंत्रमागावर रात्रपाळी करून तालमीला येणारा हा मुलगा डावीकडून सहावा उभा राहायचा. बदली माणूस तयार करायला वेळ नव्हता. जागा तशीच सोडली तर भिंतीला फट पडत होती. शेवटी दोन्ही बाजूंच्या लोकांनी थोडं थोडं आत सरकून ती बुजवली. प्रयोग पार पडला. प्रेक्षकांना काहीच जाणवलं नाही. आम्हाला मात्र दुसऱ्या गाण्यात वरचा षड्ज बोडका लागला. तो आवाज कुणाचा होता, हे तो नसताना कळलं. चौथ्या प्रयोगाला तो परत आला, डोकं भादरलेलं, त्यावर टोपी. कुणी काही बोललं नाही. नांदीला रांग लागली तेव्हा सगळे आपापलं थोडं थोडं सरकले आणि त्याची जागा मोकळी झाली. सांत्वनाचे पुष्कळ शब्द मी आजवर लिहिले आहेत. एवढं नेमकं त्यांतलं एकही नव्हतं.

कवीची सवय वेगळी असते. गझलेच्या मक्त्यात तो आपलं नाव गुंफतो, कवितेखाली सही करतो. समूहात नाव नसतं. जाहिरातीत नायकाचं नाव मोठ्या अक्षरात आणि आमच्यासाठी एक शब्द, ‘इतर’. सुरुवातीला तो टोचला. पुढं लक्षात आलं, की भाषाही अशाच ‘इतरां’नी घडवलेली असते. जात्यावरच्या ओव्या कुणी रचल्या, कुणाला ठाऊक आहे? आपण त्या अजून म्हणतो.

सोळा जणांना रोज रात्री एकत्र आणणं सोपं नाही. कुणाची पाळी, कुणाच्या मुलाची परीक्षा, प्रवासाचा खर्च, तालमीच्या जागेचं भाडं. म्हणून दोन-तीन पात्रांचं नाटक बसवणं हौशी संस्थांना परवडतं. त्यात गैर काही नाही. पण ज्या गावात सोळा माणसं एका सुरात उभी राहू शकतात, त्या गावाला इतर वेळीही एकमेकांचं ऐकायची थोडी सवय लागते. तेव्हा तुमच्या गावात कुणी गाण्याचं नाटक बसवत असेल आणि माणसं कमी पडत असतील, तर जरूर जा. भूमिका कोणती, हे आधी विचारू नका. रांगेत कुठं उभं राहायचं, तेवढं विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)