सुटी वचनं आणि पूर्ण पत्र

यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन ठाऊक नाही असं मराठी ख्रिस्ती घर विरळाच. ते कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं, दहावीच्या पेपरला निघालेल्या मुलाच्या मोबाइलवर पहाटेच येऊन पडतं. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचेच विचार आहेत, पुढे आशा आहे, असा त्याचा आशय. वाचणाऱ्याला वाटतं, देव बोलला, आता माझं काम होणार.

पण हे वचन एका पत्रातलं आहे, आणि ते कोणाला धाडलं होतं हे त्याच अध्यायाच्या सुरुवातीला दिलं आहे. इ.स.पू. ५९७मध्ये यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना ते गेलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा देवाचं नाव घेऊन छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, नेलेले लोक परत येतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाचं पत्र वेगळंच सांगतं. तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं लावा, ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, परतीला ७० वर्षं लागतील. या ७० वर्षांना लागूनच ते लाडकं अकरावं वचन येतं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता.

मला या वचनाचा खरा आधार इथेच वाटतो. ज्याचं काम झालं नाही, त्याच्याशीही ते बोलतं. दहावीत नापास झालेल्या मुलाला सुट्या कार्डावरची ओळ वाचून वाटेल की देवाने आपल्याला फसवलं. पूर्ण पत्र त्याला सांगेल की नको असलेल्या ठिकाणीही घर बांधता येतं आणि तिथेही देव सोबत असतो.

वचनं अशी सुटी करण्याची सवय आपल्याला छापील आकड्यांनी लावली. मूळ लिखाणात ते आकडे नव्हतेच. आज वापरात असलेले अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पडले, त्याचं श्रेय स्टीफन लँग्टन यांना देतात. नव्या करारातले वचनांचे सध्याचे आकडे रोबेर एतियेन या मुद्रकाने १५५१ साली छापले. संदर्भ शोधायला ही सोय उत्तम आहे, पण देवाने आपलं बोलणं आकड्या-आकड्यांनी तोडून दिलेलं नाही.

डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट पडेल ते वचन देवाचं उत्तर मानायचं, ही प्रथाही पुष्कळ घरांत आहे. तिच्या समर्थनार्थ संत ऑगस्टीन यांचं उदाहरण देतात. ३८६ साली मिलानमधल्या बागेत त्यांनी पौलाचं लिखाण उघडलं, रोमकरांस पत्रातल्या तेराव्या अध्यायावर नजर पडली आणि आयुष्य पालटलं. घटना खरी, पण अर्धीच सांगितली जाते. त्याआधी जवळजवळ दोन वर्षं ते बिशप आम्ब्रोज यांची प्रवचनं ऐकत होते, आणि पौलाची पत्रं तर त्यांच्या रोजच्या अभ्यासात होती. ज्याच्याशी इतके दिवस झुंज चालली होती, तेच पुस्तक त्यांनी उघडलं. पुढे बिशप झाल्यावर प्रपंचाच्या प्रश्नांसाठी शुभवर्तमानाची पानं उघडून कौल घेणं आपल्याला पसंत नाही, असं त्यांनी एका पत्रात स्पष्ट लिहिलं. ५०६ साली आग्द इथल्या धर्मसभेनेही शास्त्रातून असं भविष्य पाहण्याला मनाई केली.

शास्त्रातलं वचन मनात आलं म्हणजे ते देवाकडूनच आलं, हा समज तर मला धोक्याचा वाटतो. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या टोकावरून उडी मारायला सांगतो तेव्हा ९१व्या स्तोत्राचा दाखला देतो. शब्द शास्त्रातलेच, हेतू उलटा. येशू तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातून उत्तर देतो. एका वचनाचा अर्थ बाकीच्या शास्त्राच्या उजेडात तपासायचा, हे आपण त्याच्याकडूनच शिकतो.

कानाने आवाज ऐकू आला नाही म्हणून कोणी स्वतःला कमी विश्वासाचं समजू नये. शमुवेलाच्या गोष्टीतच म्हटलं आहे की त्या काळी असं घडणं दुर्मीळ होतं. हाक आल्यावरही तो तीनदा याजक एलीकडे धावला. हाक देवाची आहे हे म्हाताऱ्या एलीने ओळखलं.

पवित्र आत्मा असताना अभ्यास कशाला, असं विचारणाऱ्यांनी केडगावकडे पाहावं. १९०५ साली तिथल्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवनाची लाट आली, मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करत होत्या. त्याच आवारात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, वर्षानुवर्षं खपून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवत होत्या. १९२२ साली त्या वारल्या, आणि १९२४ साली ते भाषांतर प्रसिद्ध झालं. आत्म्याचा अनुभव आणि व्याकरणाची पुस्तकं त्यांच्याकडे एकाच छपराखाली नांदली.

शास्त्राचं वाचन एकाच पंथापुरतं नाही. कॅथलिक लोक बायबल वाचत नाहीत, हाही समज सोडायला हवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सर्व श्रद्धावंतांनी शास्त्र वारंवार वाचावं असा आग्रह धरला.

मग नोकरी बदलावी का, या स्थळाला होकार द्यावा का, यावर देव काय म्हणतो? कुठल्याही पानावर तुमच्या कंपनीचं नाव सापडणार नाही. मात्र लोभ, मजुरी, दिलेला शब्द, थकलेले आईवडील, दारातला परका यांविषयी शास्त्र भरभरून बोलतं. वर्षानुवर्षं ते ऐकणाऱ्याची पारख बदलते, आणि पाळक, फादर किंवा घरातलं जाणतं माणूस यांच्याशी बोलून तो निर्णय घेतो. सुरुवात फिलिप्पैकरांस पत्रापासून करावी. चारच अध्याय आहेत, पाव तासात होतात. पौलाने ते कैदेतून लिहिलं हे ध्यानात ठेवून पहिल्या ओळीपासून शेवटच्या नमस्कारापर्यंत एका बैठकीत वाचावं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.