शांतता, उपजीविका आणि बहिष्कार : पालि साहित्य व खानदेशचा अनुभव

सण-उत्सव, जयंत्या अथवा निवडणुका जवळ आल्या की तालुक्याच्या गावी शांतता समितीची बैठक बोलाविली जाते. गिरणाकाठचे भडगाव असो वा शेजारचे चाळीसगाव, बैठकीचे स्वरूप बहुधा एकच असते. मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ, अफवांचा बंदोबस्त यांवर चर्चा होते व सर्व समाजांचे प्रतिनिधी सहकार्याचे आश्वासन देऊन उठतात. या बैठका निरर्थक आहेत असे आम्हांस म्हणावयाचे नाही. दंगल झाली की पहिली राख गरिबाच्या झोपडीची व हातगाडीची होते, हे आपण जाणतो. परंतु या बैठकीत एक प्रश्न सहसा निघत नाही. ज्यांच्याकडून शांततेची हमी घेतली जाते, त्यांची उपजीविका कोणाच्या हाती आहे, हा तो प्रश्न होय. राजकारणात शांतता, दारिद्र्यनिर्मूलन व सामाजिक न्याय हे तीन स्वतंत्र विषय मानण्याची प्रथा पडली आहे. पालि साहित्याने आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते तसे मानले नाहीत. त्यांचा परस्परसंबंध उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्ताकडे वळू. राज्याच्या ऱ्हासाची कारणपरंपरा या सुत्तात क्रमाने सांगितली आहे. चक्रवर्ती राजाच्या कर्तव्यांत प्रजेचे रक्षण जसे आहे, तसेच राज्यातील निर्धनांस धन पुरविणे हेही आहे. एका राजाने यांतील पहिले कर्तव्य पाळले आणि दुसरे सोडून दिले. पहारे होते, रक्षण होते. मात्र निर्धनांच्या हाती काही पोहोचले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी आली. पहिल्या चोरास राजाने विचारले तेव्हा त्याने जगण्यास साधन नसल्याचे सांगितले, आणि राजाने त्यास धन दिले. ही वार्ता पसरताच इतरही चोरी करू लागले. मग राजाने धोरण पालटले व चोराचा शिरच्छेद करविला. ते पाहून लोकांनीही शस्त्रे घडविली; गावे व वाटा लुटल्या जाऊ लागल्या, हत्या वाढल्या, पुढे असत्य भाषण आले, आणि ऐंशी हजार वर्षांचे मानवी आयुष्य उतरत उतरत दहा वर्षांवर आले.

वर्षांचे आकडे अक्षरशः घेण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे की, सुत्ताने राजाचे दोन्ही उपाय अपुरे ठरविले आहेत. गुन्हा घडल्यानंतर दिलेली मदत निष्फळ झाली आणि गुन्हा घडल्यानंतर दिलेली शिक्षाही निष्फळ झाली. चूक त्याआधीची होती. येथे सुत्त ‘अनुप्पदान’ हा शब्द योजते. पुण्यप्राप्तीसाठी केलेल्या दानाहून याची छटा निराळी आहे. हाती सोपविणे, पुरविणे असा त्याचा आशय आहे. देणाऱ्याच्या औदार्यावर येथे भर नाही. राज्यकर्त्याच्या कर्तव्यसूचीतील ते एक कर्तव्य आहे, आणि ते न केल्यास राज्यकर्ता दोषी ठरतो.

हे पुरविणे कसे करावे याचे उत्तर त्याच निकायातील कूटदन्त सुत्तात सापडते. महाविजित नावाचा राजा मोठा यज्ञ करू इच्छितो. देशात लूटमार माजलेली असते. त्याचा पुरोहित त्यास सांगतो की वध, बंधन, दंड वा हद्दपारी यांनी हा उपद्रव संपणार नाही. जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेती व पशुपालन करणाऱ्यांस बी-बियाणे व अन्न द्यावे, व्यापार करणाऱ्यांस भांडवल द्यावे, राजसेवेत असणाऱ्यांस अन्न व वेतन ठरवून द्यावे. राजाने तसे केल्यावर लोक आपापल्या कामास लागले व देश निर्वेध झाला. त्या स्थितीचे वर्णन करताना ‘अकण्टक’ या शब्दाच्या जोडीला ‘अनुपपीळ’ हा शब्द आला आहे. अकण्टक म्हणजे काट्यांवाचून, उपद्रवावाचून असलेला. अनुपपीळ म्हणजे पीडेवाचून असलेला. आजच्या प्रशासकीय भाषेतील शांतता यांपैकी पहिल्या शब्दापाशी थांबते.

काही टीकाकार म्हणतात की बौद्ध धम्म दारिद्र्याचा गौरव करतो. भिक्षूच्या स्वेच्छेने पत्करलेल्या अपरिग्रहास गृहस्थाच्या लादलेल्या दारिद्र्याशी एकत्र केल्यामुळे हा गैरसमज होतो. अंगुत्तरनिकायातील इण सुत्तात गृहस्थाचे दारिद्र्य हे स्पष्ट शब्दांत दुःख म्हटले आहे, आणि त्याच्या पुढच्या पायऱ्याही दिल्या आहेत : कर्ज, व्याज, तगादा, पाठलाग आणि शेवटी बंधन. कापसाच्या भावावर ज्यांचे वर्ष अवलंबून असते, त्या खानदेशातील वाचकांस या पायऱ्या समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी येथील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी धम्मश्रवणास आला, तेव्हा तथागतांनी आधी त्यास जेवू घालविले आणि मगच उपदेश केला. भुकेल्या माणसास आधी उपदेश पाजणे धम्मास मान्य नाही.

आता रोहिणी नदीच्या प्रसंगाकडे येऊ. शाक्य आणि कोलिय यांच्या मधून वाहणाऱ्या या नदीचे पाणी उन्हाळ्यात आटले तेव्हा दोन्हीकडील शेतांवर राबणाऱ्या दासांत व मजुरांत भांडण जुंपले, ते वाढत जाऊन दोन्ही कुळे शस्त्रे घेऊन उभी राहिली, असे अट्ठकथा सांगते. भगवान बुद्ध तेथे गेले व कलह कशाचा आहे असे त्यांनी विचारले. राजांना ते ठाऊक नव्हते. प्रश्न खाली खाली उतरत शेवटी मजुरांपर्यंत गेला, तेव्हा पाण्याचे कारण कळले. पाण्याचे मोल अधिक की माणसांचे, हा पुढील प्रश्न प्रसिद्धच आहे. आम्हांस मात्र त्याआधीचा तपशील अधिक बोलका वाटतो. युद्धास सज्ज झालेल्यांना कलहाचे कारण ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ते ठाऊक होते त्यांची शेती त्या पाण्यावर भिजत नव्हती. गिरणा धरणाच्या आवर्तनावरून दरवर्षी वरच्या व खालच्या गावांत जी ओढाताण होते, तीतही रात्री शेतात दारे धरणारा भूमिहीन मजूर कोणत्याच बाजूने बोलत नसतो.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून चार दृश्यांची परंपरागत कथा नाकारली व रोहिणीचा कलह पुढे ठेवला, हे आपल्या वाचकांस विदित आहे. त्या कथनातील एका भागाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने विरोध केला व सैन्यात जाण्यास नकार दिला. त्याला देहदंड वा हद्दपारी द्यावयाची तर कोसलराजाचा विचार करणे शाक्यांस भाग होते. तेव्हा सेनापतीने दुसरे शस्त्र काढले. संघ तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकू शकतो, त्यांची शेतजमीन जप्त करू शकतो, आणि यासाठी कोसलराजाच्या अनुमतीची गरज नाही. सिद्धार्थाने निरपराध कुटुंबास ही शिक्षा होऊ नये म्हणून स्वतः परिव्रज्या स्वीकारली.

बहिष्कार आणि जमीन ही जोडी बाबासाहेबांच्या लेखणीत सहज आलेली नाही, असे आमचे मत आहे. त्यांनी ती खानदेशात प्रत्यक्ष पाहिली होती. मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी १९२८ मध्ये स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये धुळे भागातील एका गावी अस्पृश्यांवर पडलेल्या बहिष्काराची माहिती घेऊन ते चाळीसगावी परतले. स्थानकापासून महारवाडा सुमारे दोन मैल दूर होता. एकही टांगेवाला त्यांना घेऊन जाण्यास तयार झाला नाही. शेवटी एका टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, पण हाकण्याचे नाकारले. वस्तीतील ज्या माणसाने लगाम हाती घेतला त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरील मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा व गाडी नदीत पडली. त्यांच्या पायास गंभीर इजा झाली व कित्येक दिवस ते अंथरुणास खिळून होते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींच्या टिपणात त्यांनी हा प्रसंग नमूद केला आहे.

या प्रसंगात दोन स्वतंत्र धडे आहेत. पहिला धडा त्यांनी भेट दिलेल्या गावाचा. स्टार्ट समितीचा अहवाल १९३० मध्ये आला. अस्पृश्यांनी आपला हक्क बजावण्याचे धाडस केले की त्यांना कसण्यास दिलेली जमीन काढून घेतली जाते, मजुरी बंद होते, बलुत्याचा मोबदला थांबतो, वाटा अडविल्या जातात, वाणी सामान देत नाही, असे तो अहवाल सांगतो. यांपैकी कोणत्याही कृत्यात काठी उगारावी लागत नाही. गाव वरून शांत दिसते; शांतता समितीस नोंद घेण्याजोगे काही घडत नाही. बहिष्कार ही शांततेचा भंग न करता केलेली हिंसा आहे, आणि ज्याची चूल दुसऱ्याच्या शेतावर अवलंबून आहे त्याच्याच विरुद्ध ती चालते. दारिद्र्य, अन्याय आणि खोटी शांतता हे तिन्ही येथे एका गाठीत बांधलेले आढळतात.

दुसरा धडा टांगेवाल्याचा. तोही गरीबच होता. समोर आलेले भाडे त्याने सोडले, आणि एका बॅरिस्टरापेक्षा आपण श्रेष्ठ आहोत हा समज मात्र सोडला नाही. म्हणून केवळ धन पुरविल्याने मैत्री उत्पन्न होईल, असे मानता येत नाही. या बाबतीत चक्कवत्ति-सीहनाद सुत्ताच्या जोडीला अग्गञ्ञ व अस्सलायन ही सुत्ते वाचली पाहिजेत. जन्माने ठरणाऱ्या श्रेष्ठत्वाचे खंडन त्यांत आहे. एका हाताने उपजीविका आणि दुसऱ्या हाताने प्रतिष्ठा, असे दोन्ही हातांचे काम हवे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकीय समता व सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीचा इशारा दिला, आणि त्याच भाषणात बंधुतेवाचून स्वातंत्र्य व समता टिकणार नाहीत असेही बजावले. त्या दोन्ही विधानांमागे चाळीसगावच्या मोरीसारखे अनुभव उभे होते.

बाबासाहेबांचे राजकारण याच गाठीवर केंद्रित होते. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. तुटपुंज्या वतनाच्या मोबदल्यात अहोरात्र राबविणारी व्यवस्था मोडल्याविना माणूस स्वतंत्र होणार नाही, ही त्यांची दृष्टी होती. पहिल्या गोलमेज परिषदेत रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी जी संरक्षणाची योजना सादर केली, तीत बहिष्कार हा दंडनीय अपराध ठरवावा अशी मागणी होती. त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ चा आणि ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी असे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. हजारो स्त्री-पुरुषांनी शांततेने कारावास पत्करला. अनुसूचित जाती-जमातींवर सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील अपराध असल्याचे २०१५ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ मध्ये संमत होऊन २०१७ मध्ये लागू झाला. गोलमेज परिषदेतील मागणीनंतर पंच्याऐंशी वर्षे लोटली होती.

कायदा झाला म्हणजे काम संपले असे नाही. कूटदन्त सुत्ताच्या भाषेत बोलावयाचे तर दंडाची व्यवस्था झाली, बीज व वेतन यांचा प्रश्न उरला. ज्यास उद्याची मजुरी त्याच शेतावर मिळणार आहे, तो साक्ष देण्यास उभा राहणे कठीण असते. येथे आपल्यापैकी नोकरी-पेशात स्थिरावलेल्यांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. खानदेशातील अनेक तालुक्यांतून आजही कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडणीस जातात. त्यांत आपले आहेत, भिल्ल बांधव आहेत, इतरही आहेत. विहाराच्या वर्गणीचा हिशेब आपण चोख ठेवतो. गावातील किती कुटुंबे उचल घेऊन बाहेर गेली, किती मुलांची शाळा सुटली, कोणाचे काम कोणत्या कारणाने बंद झाले, याची वहीही विहारात असावयास हवी.

मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येक पक्षास, आपल्या नावाने चालणाऱ्या पक्षांसही, तीन प्रश्न विचारावेत असे आम्ही सुचवितो. गुन्हा घडण्यापूर्वी निर्धनाच्या हाती काय पोहोचेल? हक्क मागणाऱ्याची मजुरी तुटली तर दुसऱ्या दिवशी त्याची चूल कशी पेटेल? आणि टांगेवाल्याच्या मनातील श्रेष्ठत्वाचा समज घालविण्यासाठी तुम्ही कोणते काम हाती घेतले आहे? यांपैकी एकाचेच उत्तर देणारे राजकारण अपुरे आहे, हे सुत्तांनीही सांगितले आहे आणि चाळीसगावच्या मोरीनेही. पुढील वेळी शांतता समितीचे निमंत्रण येईल तेव्हा आपल्या प्रतिनिधीने अवश्य जावे, सहकार्याचे आश्वासनही द्यावे. परंतु उठण्यापूर्वी उपजीविकेचा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.